हातात मोबाइल, तोंडात चिप्स: किशोरवयीन मुलांच्या दातांची कीड घरच्या घरी कशी रोखायची

मोबाइलच्या उजेडाने दात किडत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण घरात ‘मोबाइल ठेव’ आणि ‘दात घास’ ही दोन वाक्यं एकाच दमात ओरडली जातात आणि मुलं दोन्ही सोडून देतात. दात किडतात ते मोबाइल बघताना तोंडात काय आहे आणि ते किती वेळ आहे यामुळे. ताटातलं जेवण संपतं, हात धुवायला उठावं लागतं, तिथे खाणं थांबतं. एकामागून एक येणाऱ्या रील्सबरोबर पाकीट उघडलं की खाणं कुठे थांबवायचं हे सांगणारं काहीच उरत नाही. तेव्हा किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं आणि दिवसातलं शेवटचं कधी खाल्लं, हे दोन आकडे आधी हातात घ्या.

कारण असं. दातांवर बसणाऱ्या चिकट थरातले जिवाणू साखर आणि मैद्यासारखा शिजवलेला स्टार्च खाऊन आम्ल तयार करतात. गोड तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच त्या थराचा पीएच (आम्लपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली येतो आणि दाताच्या वरच्या कवचातलं, म्हणजे इनॅमलमधलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट निघायला लागतं. पुढे लाळ ते आम्ल धुऊन काढते, निघालेलं थोडंथोडं परत भरते. त्याला साधारण अर्धा तास ते एक तास लागतो. एक लाडू पाच मिनिटांत खाल्ला तर दाताला एकदाच मार बसतो. तेवढीच साखर दोन तास घोटाघोटाने गेली तर लाळेला सावरायला मधे जागाच मिळत नाही. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथे १९४० च्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या संस्थेत याचा प्रयोग झाला होता. जेवणासोबत साखर दिलेल्यांमध्ये कीड थोडी वाढली, जेवणाच्या मधल्या वेळांत चिकट टॉफी दिलेल्यांमध्ये ती भसाभस वाढली. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, देऊही नये, पण त्यातून कळलेली गोष्ट टिकली.

किशोरवयातच हे जास्त का बोचतं? दुसरी कायमची दाढ साधारण ११ ते १३ व्या वर्षी येते. नव्या दाढेचं इनॅमल अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं, तिच्या माथ्यावरच्या खाचा खोल असतात आणि ती इतकी मागे असते की ब्रश तिथवर पोचतच नाही. नेमक्या त्याच वर्षी हातात स्वतःचा मोबाइल येतो, खिशात सुट्टे पैसे येतात आणि ‘दात घासले का’ हे विचारणं आईवडील सोडून देतात.

आधी तीन दिवसांची नोंद

काहीही बंद करण्याआधी तीन दिवस फक्त लिहा. दोन दिवस शाळा-कॉलेजचे आणि एक रविवार. वहीत तीन रकाने: वेळ, तोंडात काय गेलं, समोर स्क्रीन होती का. साधं पाणी सोडून सगळं लिहायचं. चहाचा कप, टोस्ट, क्लासबाहेरची भेळ, बडीशेपेच्या गोळ्या, खोकल्याची गोड गोळी, सगळं. मुलाला स्वतःलाच लिहू द्या, आईवडिलांनी लिहिलं तर ती पोलिसांची डायरी होते आणि अर्ध्या नोंदी गायब होतात.

मोजायची रीत अशी. एका बैठकीत खाऊन संपवलं तर एक. बाटली किंवा पाकीट शेजारी ठेवून अधूनमधून चालू असेल तर दर वीस मिनिटांना एक. समजा सकाळी ७ ला चहा-टोस्ट, ११ ला मधली सुट्टी, २ ला जेवण, ५ ला क्लासला जाताना क्रीमची बिस्किटं. इथपर्यंत चार झाले. मग साडेसहा ते साडेआठ गेम आणि शेजारी कोल्ड्रिंकची बाटली, म्हणजे सहा. नऊला जेवण, अकराला अंथरुणात चिप्स. एकूण बारा. घरात विचारलं तर उत्तर ‘चार वेळा खातो’ असंच येईल, आणि ते खोटंही नसेल, कारण गेमच्या वेळेचं खाणं कुणी खाणं म्हणून मोजतच नाही. पोचायचंय ते पाचवर: तीन जेवणं-नाश्ते आणि मधली दोन खाणी. चहा या पाचातच. बाराचे पाच एका आठवड्यात होणार नाहीत. पहिल्या आठवड्यात फक्त स्क्रीनसमोरच्या नोंदींवर काम करा. वर दिलेल्या दिवसात त्यानेच बारापैकी सात जातात.

बाटली किंवा पाकीट हातात घेतलं की मागचा तक्ता वाचायला शिकवा. ‘टोटल शुगर्स’समोर १०० मिलिलिटरला किंवा १०० ग्रॅमला किती ते असतं. बाटलीच्या मापाने गुणा, शंभराने भागा, आलेल्या ग्रॅमना चाराने भागलं की चमचे निघतात. साध्या कोलात १०० मिलिलिटरला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे ६०० मिलिलिटरच्या बाटलीत जवळपास १६ चमचे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवण्याचा आहे. २००० कॅलरी धरल्या तर ते ५० आणि २५ ग्रॅम होतात. हा हिशेब मुलाने स्वतः केला की निम्मं काम होतं. पालकांनी वाचून दाखवला तर होत नाही.

स्क्रीनसमोर फक्त पाणी

घरात नियम एकच ठेवा: हातात स्क्रीन असेल तर तोंडात पाणी, बाकी काही नाही. खायचं असेल तर मोबाइल उलटा ठेवून ताटलीत घेऊन खायचं, मग परत खेळायचं. ‘कमी खा’, ‘कमी बघ’ असे नियम मोजता येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर रोज वाद होतो. हा नियम दिसतो. पाकिटातून थेट खायचं नाही, वाटीत काढायचं, हा त्याचाच भाग, कारण वाटीला तळ असतो.

आपल्या सोलापुरात मार्चपासून जूनपर्यंत हे अवघड जातं. पारा चाळिशीपार जातो, दुपारी बाहेर खेळता येत नाही, मुलं पंख्याखाली मोबाइल घेऊन पडलेली असतात आणि तहान खरी असते. तहानेला गोड पेय दिलं की ती पुन्हा लागते. म्हणून गेम सुरू होण्याआधी एक लिटरची बाटली माठाच्या पाण्याने भरून शेजारी ठेवायची. चव हवी असेल तर मीठ-जिरं घातलेलं ताक, साखरेविना, जेवणासोबत. उसाचा रस नैसर्गिक आहे म्हणून सुटत नाही. आपल्याकडे उसाची आणि कारखान्यांची कमी नाही, पण जिवाणूंना साखर कुठल्या गाळपातली याचं काही देणंघेणं नसतं. गूळ, मध, काकवीचंही तेच. रस प्यायचा तर जेवणानंतर लगेच, एका बैठकीत, आणि वरून पाण्याची चूळ.

मधल्या खाण्यासाठी घरात काय ठेवायचं याचं उत्तर सोलापूरकरांना बाहेर शोधावं लागत नाही. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगा चटणी, उकडलेलं अंडं, पनीरचे तुकडे, काकडी, पेरू. शेंगदाण्याने चावायला लागतं, लाळ सुटते. पण तेच शेंगदाणे गुळाच्या पाकात घालून चिक्की केली की ती दाढेच्या खाचेत तासभर बसते. जानेवारीत संक्रांत आणि गड्ड्याची यात्रा एकत्र येतात तेव्हा घरात तिळगूळ, हलवा, चिक्की, रेवड्या सगळंच असतं. ते बंद करू नका. जेवणानंतर द्या आणि डबा मोबाइलच्या खोलीत नेऊ नका.

खारट खाण्यातही फसगत होते. ‘तो गोड खातच नाही, फक्त वेफर्स आणि कुरकुरीत खातो’ असं सांगितलं जातं. तळलेला-भाजलेला बारीक स्टार्च चावून लगदा होतो, दाढेच्या खाचांत आणि दातांच्या फटीत घट्ट बसतो, लाळेने त्याची साखर होत राहते. आरशात बघा, वेफर्स खाल्ल्यावर वीस मिनिटांनीही दाढेवर पिवळा लगदा दिसेल.

एनर्जी ड्रिंक वेगळंच प्रकरण. रात्रीच्या गेमसाठी किंवा अभ्यासिकेत जागायला वीस रुपयांची बाटली सर्रास घेतली जाते. तिच्यात साखर, आम्ल आणि कॅफिन तिन्ही असतात. लहान मुलांसाठी शिफारस नाही, असा इशारा तिच्या लेबलवर छापणं बंधनकारक आहे. ती ओळ मुलालाच शोधून काढायला सांगा. शुगर-फ्री प्रकारांत कीड वाढवणारी साखर नसते, पण आम्ल असतंच. त्याने दात किडण्याऐवजी झिजतात, पुढच्या दातांच्या कडा पातळ आणि काचेसारख्या होतात. कधी प्यायलीच तर स्ट्रॉने, थंडगार, पटकन, आणि नंतर अर्धा तास ब्रश नाही. आम्लाने मऊ झालेलं इनॅमल ब्रशने खरवडलं जातं. त्या अर्ध्या तासात पाण्याची चूळ पुरे.

रात्रीची वेळ

सगळं जमलं नाही आणि एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. झोपेत लाळ फार कमी होते. दिवसा जे आम्ल अर्ध्या-एक तासात धुतलं जातं ते रात्री तसंच बसून राहतं. अंथरुणात मोबाइल बघत चिप्स खाऊन तसंच झोपणं हा दाताच्या दृष्टीने दिवसातला सगळ्यात वाईट घास.

बहुतेक मुलं आळशीपणाने रात्रीचा ब्रश चुकवत नाहीत. ‘हा एक व्हिडिओ झाला की उठतो’ म्हणत झोप लागते. म्हणून ब्रश झोपण्याआधी नव्हे, अंथरुणातल्या मोबाइलच्या आधी. जेवण झालं, ताट उचललं, अर्ध्या तासात ब्रश, मग हवं ते. ब्रशनंतर सकाळपर्यंत पाणी सोडून काही नाही. चॉकलेटची पावडर घातलेलं दूध द्यायचं असेल तर ते ब्रशच्या आधी.

दहावी-बारावीच्या मुलांना रात्री रेकॉर्ड केलेली लेक्चर्स बघायची असतात, त्यांचा मोबाइल नऊला काढून घेता येत नाही. तिथे मोबाइलवर भांडू नका, खाणं बंद ठेवण्यावर अडून राहा. या वयात अकराला लागलेली भूक खरी असते. तेव्हा जेवण साडेआठऐवजी साडेनऊला न्या, ते भरपेट करा, भाकरी-भाजीबरोबर दही, डाळ, अंडं काहीतरी ठेवा, आणि दहाला ब्रश. तरी भूक लागलीच तर मूठभर शेंगदाणे आणि पुन्हा ब्रश. दोनदा ब्रश करायचा कंटाळा येतो, म्हणून तिसऱ्या दिवशी शेंगदाणेही सुटतात.

मोबाइलमधली मदत घ्या. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडून ‘बेडटाइम मोड’ लावा, स्क्रीन काळी-पांढरी होते, सूचना थांबतात. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मध्ये ‘डाउनटाइम’. वेळ झोपेची नाही, ब्रशची लावा. घरातलं वाय-फाय बंद करून काही होत नाही, सिमवर डेटा असतो. चार्जर बाहेरच्या खोलीत ठेवा आणि साधं गजराचं घड्याळ घेऊन द्या, म्हणजे ‘अलार्मसाठी मोबाइल जवळ लागतो’ हे कारण राहत नाही. हाच चार्जर आईवडिलांनीही वापरायचा. नाहीतर हा नियम चार दिवस टिकतो. आईवडील दोघंही पाळीवर, यंत्रमागावर किंवा दुकानात असतील, तर रात्री घरात जे मोठं माणूस असेल, आजी असो की मोठी ताई, त्यांच्याकडे फक्त एक काम द्या: ब्रश ओला आहे का बघणं.

ब्रश आणि पेस्ट

पेस्टच्या डब्यावर ‘फ्लोराइड’ शब्द आणि १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार) आसपासचा आकडा शोधा. ‘आयुर्वेदिक’, ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. त्यांनी तोंड स्वच्छ वाटतं, पण निघालेलं खनिज परत बसवायला मदत होत नाही. मशेरी, राखुंडी, विटेची पूड, कोळशाची पेस्ट यांतलं काहीच नको. मशेरी तर जाळलेली तंबाखूच आहे. रीलमध्ये दिसणारा लिंबू आणि खायच्या सोड्याचा ‘पांढरे दात’ प्रयोग इनॅमल खातो. मऊ ब्रश, त्यावर साधारण एक सेंटिमीटर पेस्ट.

दोन मिनिटं, चार भागांना अर्धा-अर्धा मिनिट. ब्रश हिरडीच्या रेषेवर तिरका धरून छोट्या हालचाली. मागच्या दुसऱ्या दाढेसाठी तोंड मोठं न उघडता अर्धं मिटायचं, गाल सैल पडतो आणि ब्रश मागे शिरतो. तोंड आ वासलं की गाल ताणला जाऊन जागाच राहत नाही. मोबाइलचा टायमर लावायचा तर तो आरशाशेजारच्या फळीवर ठेवा, हातात नाही. हातात असला की मुलं ब्रश नुसता चघळत स्क्रोल करतात, आणि ब्रशचे केस महिन्यात बाहेर वळतात. केस वळले की ब्रश बदला, एरवी तीन महिन्यांनी.

शेवटी फेस थुंकायचा, चूळ भरायची नाही. हे आपल्याकडे सगळ्यात कठीण जातं, भरपूर पाण्याने खळखळून चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही. पण त्या पाण्याबरोबर फ्लोराइड निघून जातं. सुरुवातीला एक लहान घोट पाणी चालेल, हळूहळू तोही सोडा. माउथवॉश लगेच वापरला तरी तेच होतं. वापरायचाच तर दुपारी जेवणानंतर.

मोबाइलने दात तपासा

महिन्यातून एकदा, ब्रश झाल्यावर, मोबाइलचा टॉर्च लावून बघा. ओठ वर करा, दात कापसाने कोरडे करा, दहा सेकंद थांबा. हिरडीलगत खडूसारखा निस्तेज पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची पहिली पायरी. फक्त कोरडं केल्यावर दिसला तर वरवरचा, ओल्या दातावरही दिसला तर जरा खोल. हा टप्पा परत फिरवता येतो. फ्लोराइड, कमी वेळा खाणं आणि रात्रीचा ब्रश नेटाने चालू ठेवले तर तिथे भोक पडत नाही. फोटो काढून ठेवा, पुढच्या महिन्यात त्याच उजेडात पुन्हा काढा. मुलांना ‘पुढे दात पडतील’ यापेक्षा पुढच्या दातावरचा हा डाग जास्त लागतो, सेल्फीच्या वयात ते साहजिक आहे.

सगळेच पांढरे डाग कीड नसतात. दोन्ही बाजूंच्या सारख्या दातांवर, हिरडीपासून कडेपर्यंत ढगाळ किंवा आडवे पट्टे असतील तर लहानपणी पाण्यातून जास्त फ्लोराइड गेलेलं असू शकतं. पिण्यासाठी बोअरचं पाणी वापरत असाल तर ते जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, १.५ ही कमाल मर्यादा. पेस्ट तशीच चालू ठेवा, थुंकायची असते ती.

दाढेच्या माथ्यावरच्या काळ्या रेषा घरी ओळखता येत नाहीत, काही नुसते डाग असतात, काहींखाली पोकळी असते. दोन दाढांच्या मधली कीड तर एक्स-रेशिवाय बहुतेकदा दंतवैद्यालाही दिसत नाही. थंड पाण्याने कळ येणं, एकाच जागी रोज अन्न अडकणं, दातांमधून फिरवायचा दोरा (फ्लॉस) त्याच फटीत तुटणं, यांपैकी एक जरी असेल तर दाखवा.

दाखवायला गेल्यावर दोन गोष्टी स्वतःहून विचारा. पहिली, दाढेच्या खाचा भरणारं सीलंट. दुसरी दाढ पूर्ण वर आली की लगेच करायचं, खरवडावं लागत नाही, दुखत नाही. दुसरी गोष्ट, फ्लोराइड वार्निश, म्हणजे फ्लोराइडचा लेप. दातांवर लावायला दोन मिनिटं लागतात, धोका जास्त असलेल्या मुलांना तीन ते सहा महिन्यांनी. त्या दिवशी कडक खाणं आणि ब्रश कधी टाळायचं ते तिथेच विचारून घ्या. दातांना तारा असतील तर दोन्हीची गरज जास्त, आणि तारांखालून फिरणारा छोटा ब्रश वेगळा घ्यावा लागतो. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, किंवा केगावचं दंत महाविद्यालय. महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त जातो, म्हणून सकाळी लवकर आणि मुलाच्या शाळेला सुट्ट्या असताना जायचं ठरवा. सरकारी शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासणी होते, त्यात दातांची कीडही येते. पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तरातच राहते, ती मागून घ्या.

दाढ ठणकायला लागली तर हिरडीवर दुखण्याची गोळी चेपून ठेवू नका, कातडी भाजते. तंबाखूची चिमूट नको. लवंगेचं तेल कापसाच्या टोकाला एक थेंब, दाताच्या पोकळीत, हिरडीला न लावता, तेही दवाखान्यात पोचेपर्यंतच. रात्री आपोआप उठणारी कळ म्हणजे कीड दाताच्या आतल्या नसेला भिडली, तिथे नुसतं भरून भागत नाही. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने सूज उतरते, दातातला संसर्ग तसाच राहतो आणि महिन्याभरात परत येतो. गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यांतलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता, रात्र असली तरी, थेट रुग्णालयात न्या.